धिरड्याच्या जाळीवरून सायकल: इंदूरभोवतीचा लाव्हा समजून घेताना

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही महूच्या पुढे, जाम घाटाच्या माथ्यावरच्या जुन्या जाम दरवाज्याकडे निघालो होतो. पुण्याहून आलेला माझा भाचा सोबत होता, नवी कोरी माउंटन बाईक घेऊन. डांबरी सोडून कच्च्या वाटेला लागल्याला तासभर झाला असेल. तो थांबला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "मावशी, ही वाट एक आहे की चार? मघाशी फरशीसारखं टणक होतं, मग गोटेच गोटे, मग लाल भुकटी, आता हा भुसभुशीत मुरूम. हात बसेपर्यंत खालची जमीनच बदलते."

इंदूरभोवती कच्च्या वाटांवर सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. गेल्या काही वर्षांत रविवारी पहाटे राजेंद्रनगराहून, विजयनगरहून जाड टायरच्या सायकली बाहेर पडताना दिसायला लागल्या आहेत. गिअर, शॉकअप, ब्रेक यांवर पोहे-जिलबीच्या टपरीपाशी तासतास चर्चा होते. ज्यावरून चालवायचं त्या जमिनीबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. इथली जमीन म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे, आणि तो कसा साचला हे कळलं की वाट पुढे कशी वागणार याचा बराचसा अंदाज येतो. भाच्याला त्या दिवशी बांधावर बसून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

ज्वालामुखी होता, तर त्याचा डोंगर कुठे गेला?

ज्वालामुखी म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं चित्र आठवतं: शंकूसारखा डोंगर, टोकाला खड्डा, त्यातून धूर. आमच्या कॉलनीतले एक काका जानापावकडे बोट दाखवून "तोच तो ज्वालामुखी" असं सांगत असत. जानापाव सुमारे 850 मीटर उंच आहे, आसपासच्या पठारातून एकदम वर आलेला, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. परशुरामांचं जन्मस्थान म्हणून लोक तिथे श्रद्धेने जातात, चंबळ नदीही तिथेच उगम पावते. पण त्याचा आकार पाण्याने कोरून काढलेला आहे. आजूबाजूचा खडक लाखो वर्षांत झिजून वाहून गेला, मधला टिकला, तो जानापाव.

आपल्याकडचा लाव्हा एका तोंडातून उसळला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पातळ रस्सा उतू जावा तसा बाहेर येऊन सपाट पसरत गेला. ज्या भेगांतून तो आला, त्यांतल्या कित्येक आतल्या आत गोठल्या. असा गोठलेला दगड भोवतालच्या खडकाहून टिकाऊ ठरला की आजूबाजूचं झिजून तो भिंतीसारखा उभा राहतो. धुळे-नंदुरबार भागात अशा नैसर्गिक भिंती शेकड्यांनी आहेत. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात नीट पाहिलं तर शेताच्या मधोमध सरळ रेषेत जाणारी दगडांची धार दिसते, ती बहुधा हीच.

हे घडलं सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. मुख्य उद्रेक साधारण 10 लाख वर्षांत आटोपले. त्यांतून जो काळा खडक तयार झाला त्याला बेसॉल्ट म्हणतात; आपण त्याला नुसतं 'काळा दगड' म्हणतो आणि फोडून त्याचीच गिट्टी रस्त्यावर टाकतो. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभाग या खडकाखाली आहे. पश्चिम घाटात त्याची जाडी 2 किलोमीटरच्या वर जाते. माळव्यात, म्हणजे इंदूरच्या या पठारावर, ती बरीच कमी, पण जात तीच. भाच्याला मी म्हटलं, तुझा सिंहगड आणि आमचा जाम घाट हे चुलतभाऊ आहेत.

या सगळ्या प्रदेशाला भूगर्भशास्त्रात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. हा 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत जिन्याला तशासारखा शब्द आहे, त्यावरून तो आला. लाव्हा एकावर एक थरांनी साचला आणि झिजताना त्याच्या पायऱ्या झाल्या. अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाज्यापाशी उभं राहून खाली नर्मदाकाठच्या निमाडकडे पाहिलं की हा जिना डोळ्यांनी दिसतो: कडा, मग उताराची पट्टी, मग पुन्हा कडा. इंदूर साधारण 550 मीटरवर आहे आणि मंडलेश्वर-महेश्वरपाशी नर्मदा 150 मीटरच्या आसपास. घाट उतरताना तुम्ही अक्षरशः एकेक लाव्हा खाली उतरत असता.

एका थराचे तीन स्वभाव

इथे धिरड्याची आठवण करा. तव्यावर पीठ ओतलं की ते पसरतं. तव्याला टेकलेली बाजू घट्ट होते. वरच्या बाजूला बुडबुडे येतात, फुटतात आणि जाळी पडते. लाव्ह्याचंही तसंच झालं. 1100 अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या रसात वायू कोंडलेले होते. ते वर येऊ लागले, तेवढ्यात वरचा भाग गोठला आणि बुडबुडे तिथेच अडकले. मधला, खालचा भाग सावकाश थंड होत गेला आणि घट्ट, टणक बनला. एक धिरडं थंड झालं, त्यावर कधी काही वर्षांनी तर कधी हजारो वर्षांनी दुसरं ओतलं गेलं.

त्यामुळे प्रत्येक थरात तीन प्रकारची जमीन सापडते आणि सायकलीला ती तीन तऱ्हांनी भेटते.

मधला भाग म्हणजे पाषाण. वाटेवर तो उघडा पडला की काळ्या फरशीसारखा वाटतो. कोरडा असेल तर त्यावर टायर इतका छान धरतो की चढावर आपण स्वतःच चकित होतो. पण थंड होताना हा खडक आक्रसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या, आटलेल्या तळ्यातला चिखल तडकतो तशा. देवास जिल्ह्यात कावडिया पहाडावर या भेगांमुळे दगडाचे कोनदार खांबच्या खांब तयार झाले आहेत. त्यांवर दगड आपटला तर धातूसारखा नाद येतो. आपल्या वाटांवर मात्र याच भेगांमध्ये पाणी, मुळं, माती शिरते आणि ठोकळे सुटे होतात. मग त्यांचे कोपरे झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पदर सुटत सुटत आत गोल गोटा उरतो. भाच्याला भेटलेले 'गोटेच गोटे' ते हेच. नारळाएवढे असतात, मातीत घट्ट रुतलेले वाटतात आणि चाक चढलं की हमखास फिरतात.

वरचा जाळीदार भाग तुलनेने मऊ. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्या भोकांत नंतर पाण्याबरोबर आलेले क्षार जमून पांढरे, हिरवट खडे तयार झाले. त्या दिवशी मी एक तुकडा उचलून भाच्याच्या हातात ठेवला. सुपारीएवढी पोकळी, आत भिंतीला चिकटलेले साखरेसारखे चकाकणारे कण आणि एका कडेला फोडलेल्या गारगोटीची काचेसारखी धार. अंगठा फिरवला तर रक्त काढेल अशी. हा थर कुजला की मुरूम होतो. मुरमावरून सायकल करकर आवाज करत जाते, वळणावर पुढचं चाक हळूच बाहेर सरकतं, पण एकूण तो माणसाला सांभाळून घेणारा.

तिसरा म्हणजे दोन थरांमधली लाल पट्टी. एक लाव्हा गोठून वर माती-राख जमली, तिच्यावर पुढचा तापलेला लाव्हा येऊन पसरला आणि ती विटेसारखी भाजली. यात लोह भरपूर, म्हणून रंग गंजाचा. ही पट्टी कधी हातभर जाड असते, कधी त्याहून जास्त. कोरडी असताना पिठासारखी भुकटी होते आणि ब्रेक दाबला तरी चाक त्यावरून घसरतच राहतं. घाटात लाल रंग दिसला की मी त्याच्या आधीच, काळ्या दगडावर असतानाच वेग उतरवते. इतकी साधी सवय आहे ही, पण तिने मला दोनदा तरी वाचवलं आहे.

टायर कापतो म्हणून हवा जास्त भरावी, असं नाही

भाच्याच्या टायरमध्ये 40 पीएसआय हवा होती. पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, पंपावर लिहिलेलं असतं. त्याचं म्हणणं सरळ होतं: दगड टोकदार, म्हणून टायर टणक हवा. बहुतेकांना असंच वाटतं. पण घट्ट टायर दगडावर टेकतो तो एका बिंदूवर. तिथून तो उसळतो, घसरतो आणि सगळा धक्का मनगटात येतो. जरा मऊ टायर दगडाभोवती वाकतो, त्याला कवेत घेतो. अनवाणी पावलाने खडबडीत कातळावर उभं राहणं आणि लाकडी खडावा घालून उभं राहणं यांत जो फरक, तोच इथे आहे.

मग दाब उतरवत किती न्यावा? फार कमी केला तर टायर दाबला जाऊन दगड थेट रिमला लागतो. रिम अॅल्युमिनियमची, आणि बेसॉल्टमधले स्फटिक तिच्याहून कितीतरी कठीण, त्यामुळे पोचा रिमलाच येणार. टायरच्या आत ट्यूब असेल तर ती दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाऊन तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. माझं वजन 62 किलो, टायर सव्वादोन इंच रुंद, बिनट्यूबचे. मी पुढे 20 आणि मागे 23 ठेवते. भाच्याच्या टायरमध्ये ट्यूब होती, म्हणून त्याला पुढे 27, मागे 30 वर आणलं. हे आकडे डोळे मिटून घेऊ नका. आपल्या वजनाला जमेल तिथून सुरुवात करा आणि एकाच ओळखीच्या उतारावर दोन-दोन पीएसआय कमी करत पाहा. रिमला दगड लागल्याचा 'टक्' ऐकू आला की पुन्हा दोन वाढवा.

बिनट्यूबच्या टायरमध्ये एक दुधासारखा द्रव घालतात, तो छोटी भोकं आपोआप बुजवतो. माळव्यात विलायती बाभळीचे काटे जिकडेतिकडे असल्याने त्याचा खरा उपयोग होतो. पण गारगोटीने टायरची बाजू कापली तर हा द्रव पुरा पडत नाही. दोन वर्षांपूर्वी चोरलच्या अलीकडे माझ्या मागच्या टायरच्या बाजूला नखाएवढी चीर गेली. दहाची नोट चौपदरी घडी करून आतून लावली, ट्यूब घातली आणि हलक्या हाताने महूपर्यंत आले. तेव्हापासून बिनट्यूबचे टायर असले तरी एक ट्यूब आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा पिशवीत असतोच.

यासाठी महागडी सायकल हवी का?

नाही. पुढे शॉकअप असलेली साधी सायकल, चांगल्या खाचांचे टायर आणि डिस्क ब्रेक एवढं पुरे. शॉकअप आपल्या वजनाने त्याच्या चालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढा खाली बसायला हवा. तो तसूभरही हलत नसेल तर तो जास्त कडक आहे. बाकीचं काम शरीराचं. उताराला पॅडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर, सीटवरून उठलेलं अंग आणि नजर पुढच्या चाकाच्या चार-पाच मीटर पलीकडे. फिरणारा गोटा टाळायचा तर त्याच्याकडे बघू नका, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघा. सायकल नजरेमागे जाते.

परत फुटेल का हो?

माझ्या सासूबाईंनी हे सगळं ऐकून पहिला प्रश्न हाच विचारला. नाही फुटणार, आणि का नाही हे समजायला पापड भाजताना आठवा. ज्योत एका जागी असते, आपण पापड सरकवतो, जिथे ज्योत लागते तिथे तो फुलतो. पृथ्वीच्या पोटात अशीच एक तापलेली जागा होती आणि भारताची जमीन तिच्यावरून उत्तरेकडे सरकत आली. डेक्कन ट्रॅपचा संबंध बहुतेक शास्त्रज्ञ याच जागेशी जोडतात. आपण पुढे निघून आलो. मागे समुद्रात लक्षद्वीप, मालदीव आणि पुढे मॉरिशसपर्यंत खुणांची रांग राहिली. ती ज्योत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, इंदूरपासून 5000 किलोमीटरहून लांब. तिथला पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे.

आणि मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे त्या बेटावर माउंटन बाईकची मोठी परंपरा आहे. 2000 मीटरहून उंच असलेल्या मायदोच्या कड्यावरून थेट समुद्राच्या पातळीपर्यंत सायकली उतरवायच्या शर्यती तिथे झाल्या आहेत. एकाच ज्योतीवर भाजलेल्या पापडाच्या दोन टोकांवर लोक सायकल चालवतात. फरक वयाचा आहे. ताज्या लाव्ह्याचा दगड खरखरीत, फुटक्या काचेसारखा असतो, आणि सिसिलीच्या एटनासारख्या जागी काळी राख वाळूसारखी चाकं गिळते. आपला लाव्हा कोट्यवधी पावसाळे पाहून बसला आहे. त्याच्या धारा पुष्कळशा बोथट झाल्या, वर माती आली, सागवान आलं.

डायनोसॉरांचा विषय निघतोच. ते नाहीसे झाले तेही याच सुमारास. मेक्सिकोत पडलेली प्रचंड उल्का हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं आणि आपल्या लाव्ह्याचा त्यात किती वाटा, यावर वाद चालू आहे. इथल्या लाव्ह्याखालचे जुने थर धार जिल्ह्यात उघडे पडले आहेत. 2023 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तिथल्या डायनोसॉरांच्या 92 घरट्यांची आणि दगड झालेल्या 256 अंड्यांची नोंद आहे. पाडल्या गावात तर असे दगडी गोळे काकड भैरव देव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजले जात होते.

पावसाळ्यात तर माळवा सुंदर दिसतो, मग तेव्हाच का नको?

'पग पग रोटी, डग डग नीर' असं माळव्याचं वर्णन लहानपणापासून ऐकतो. ती रोटी काळ्या मातीने दिली आणि ती माती म्हणजे कुजून बारीक झालेला हाच बेसॉल्ट. तिच्यात एक चिकणमाती असते, तिचे कण कागदाच्या गठ्ठ्यासारखे पापुद्र्यांचे. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि भिजवलेल्या पोह्यांसारखी माती फुगते. उन्हाळ्यात तीच आक्रसून पायाचा पंजा अडकेल अशा भेगा पडतात. शेतकऱ्याला हे वरदान आहे, सायकलीला नाही. ओल्या काळ्या मातीत दहा-वीस पावलं गेलं की टायर दुप्पट जाड होतो, चिखल ब्रेकपाशी आणि चेनमध्ये दाटतो, शेवटी चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी जोर लावून पॅडल मारलं तर मागचा गिअर बदलणारा भाग मोडतो. सायकल खांद्यावर घ्या, काटकीने चिखल काढा, गवतावरून चाला.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. फुगलेली माती पाणी आत घेईनाशी होते, खालचा पाषाण तर घेतच नाही. त्यामुळे वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की तो जवळजवळ सगळाच्या सगळा नाल्यात येतो, तोही थोड्या वेळात. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी येतं. 2011 च्या जुलैमध्ये पाताळपाणीला लोक धबधब्याच्या वरच्या पात्रात असताना असाच लोंढा आला आणि माणसं वाहून गेली. ते दृश्य इंदूरने पाहिलं आहे. म्हणून सांगते: पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पाला वाहून यायला लागला, तर फोटो, सायकल काहीही न बघता पात्राबाहेर पडा. आणि पाणी संथ असलं तरी ओल्या काळ्या दगडावर शेवाळाचा न दिसणारा थर असतो. तिथे ब्रेक लावायचा नाही, हँडल वळवायचं नाही. खात्री नसेल तर उतरून चालत जायचं.

जागेबद्दलही एक सूचना. महूच्या आसपास लष्कराच्या गोळीबार सरावाची क्षेत्रं आहेत. वाट कितीही छान दिसली तरी फलक ओलांडू नका, आणि जंगलाच्या हद्दीत शिरण्याआधी वनचौकीवर विचारा.

सायकलींनी डोंगराचं नुकसान होतंच ना?

होतं, आणि हा आक्षेप मी मनापासून मान्य करते. कोरड्या पाषाणावर टायरचा ओरखडाही उठत नाही, मुरूम थोडा हलतो आणि पुन्हा बसतो. पण ओल्या मातीत उठलेली चाकोरी वाळल्यावर तशीच राहते, पुढच्या सरीचं पाणी त्या खाचेतूनच धावतं आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. सर्वांत नाजूक ती लाल पट्टी. तिच्यावरून ब्रेक दाबून घसरत उतरलं की ती ढासळते आणि तिच्यावरचे ठोकळे आधार सुटून खाली येतात. याच पट्टीवर बऱ्याचदा पाणी अडतं आणि कड्यातून झरा फुटतो. घाटातली गुरं आणि वाड्यावस्त्या तिथे पाणी पितात.

आमच्या गटाने म्हणून एक पद्धत ठेवली आहे. पाऊस उघडल्यावर निदान तीन दिवस मातीच्या वाटेवर जायचं नाही. चौथ्या दिवशी वाटेच्या तोंडाशी उतरून चिमूटभर माती घ्यायची आणि दोन बोटांत वळून बघायची. गोळी झाली तर परत. गेल्या ऑगस्टमध्ये बारा जण पहाटे पाचला निघून जाम घाटाच्या वर पोहोचलो होतो, खाली निमाडावर ढग उतरले होते, अशी सकाळ वर्षातून एकदाच मिळते. गोळी झाली. आम्ही दरवाज्यापाशीच बसून डबे सोडले आणि डांबरीने महूला परतलो.

भाचा परवा फोनवर म्हणाला, सिंहगडाच्या मागच्या वाटेवर त्याला लाल पट्टी सापडली. तिच्या आधी, काळ्या दगडावरच त्याने ब्रेक दाबला होता.